खुलासा: पेग नळीनंतर २४ तास उपास? गरज नसते

‘पोटावर पेग नळी बसवली की २४ तास काही देऊ नका, टाके उसवतील’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. पेग म्हणजे पोटाच्या भिंतीतून थेट जठरात बसवलेली आहाराची नळी; तिला सहसा टाके नसतातच. आतली चकती जठराला पोटाच्या भिंतीशी धरून ठेवते. ‘अस्पेन’ या रुग्णांच्या पोषणावर काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या २०१७च्या शिफारशींनुसार, गुंतागुंत नसलेल्या प्रौढ रुग्णाला ४ तासांच्या आत आहार सुरू करता येतो. विनाकारण उपास घडला तर आधीच खंगलेला रुग्ण आणखी अशक्त होतो.

सुरुवात डॉक्टरांनी सांगितल्यावरच करा. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवा, आहाराआधी व नंतर ३० मिली पाण्याने नळी धुवा. तीव्र वेदना, रक्त किंवा नळीभोवती गळती दिसली तर आहार लगेच थांबवून डॉक्टरांना कळवा.

नाकातून घातलेल्या नळीचं वेगळं: एक्स-रेने जागा पक्की होईपर्यंत थेंबही नको, नळी फुप्फुसात गेलेली असू शकते.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.