एक रुपयाचा चहा आणि हिशेब न मागितलेले ८७ हजार

दर काही महिन्यांनी तोच मेसेज नव्या मथळ्याने येतो. सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, सकाळी पुण्याच्या तळजाई टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांचा ग्रुप, सगळीकडे एकाच दिवशी. मजकूर थोडक्यात असा: खासदार, आमदार, नगरसेवक यांचे पगार आणि भत्ते बंद करा, देशावरचे कर्ज फिटेल. संसदेत यांना एक रुपयात चहा मिळतो. वर्षाला पाच कोटींचा निधी खिशात जातो. इन्कम टॅक्स नाही. एक दिवस निवडून आले तरी जन्मभर पेन्शन. पगारवाढ स्वतःच मंजूर करतात. ब्रिटनमध्ये असे केले असते तर दुसऱ्या दिवशी तुरुंगात गेले असते. शेवटी, देशप्रेमी असाल तर वीस जणांना पाठवा.

या मेसेजमागचा राग मला मान्य आहे. तो माझाही आहे. म्हणूनच त्यातल्या चुकांची चीड येते. एक आकडा खोटा निघाला की त्याच्या शेजारचे खरे आकडेही ‘व्हॉट्सअॅपवरच्या गप्पा’ म्हणून झटकून टाकता येतात, आणि ज्यांना उत्तर द्यायचे असते ते सुटतात. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

कर्ज फिटण्याचे आधी बघू, कारण तो सगळ्यात मोठा दावा आहे आणि सगळ्यात पोकळही. मार्च २०२५ च्या अधिसूचनेने खासदाराचा पगार महिना १ लाखावरून १ लाख २४ हजार झाला, तोही १ एप्रिल २०२३ पासून, म्हणजे दोन वर्षांच्या फरकासह. मतदारसंघ भत्ता ८७ हजार आणि कार्यालयीन खर्चाचा भत्ता ७५ हजार. बेरीज २ लाख ८६ हजार. लोकसभेचे ५४३ आणि राज्यसभेचे २४५ मिळून ७८८ खासदार धरले तर वर्षाला सुमारे २७० कोटी होतात. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात नुसत्या व्याजापोटी १२ लाख ७६ हजार कोटी धरले आहेत. दिवसाला जवळपास साडेतीन हजार कोटी. खासदारांचा वर्षभराचा पगार आणि हे दोन भत्ते देशाच्या कर्जाचे दोन तासांचे व्याजही भागवत नाहीत. त्यात विमानप्रवास, दैनिक भत्ता, बंगले घाला, रक्कम तिप्पट धरा, तरी एक दिवस निघत नाही. २७० कोटी ही रक्कम लहान नाही, तिचा हिशेब मागायलाच हवा. पण कर्ज फिटण्याशी तिचा काडीचा संबंध नाही.

एक रुपयाचा चहा आता इतिहासजमा झाला आहे. तो दर एके काळी खरा होता आणि लोकांना संताप आला तोही योग्यच होता. त्या ओरड्यामुळेच जानेवारी २०१६ पासून संसदेच्या कँटीनचे दर वाढले आणि जानेवारी २०२१ मध्ये लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांनी अनुदान पूर्ण बंद झाल्याचे जाहीर केले. उत्तर रेल्वेकडचे काम आयटीडीसी या सरकारी पर्यटन महामंडळाकडे गेले. लोकांच्या रागाने जे मोजके बदल घडले त्यातला हा एक. तो घडून गेल्यावरही आपण जुनेच दरपत्रक पुढे ढकलत बसलो आहोत.

इन्कम टॅक्सबद्दल मेसेज निम्मा खोटा आहे, आणि जे निम्मे खरे आहे ते त्यात लिहिलेलेच नाही. पगारावर खासदाराला आपल्यासारखाच कर पडतो. करमुक्त आहेत ते दैनिक भत्ता आणि मतदारसंघ भत्ता. आता तो ८७ हजारांचा मतदारसंघ भत्ता नीट बघा. तो दर महिन्याला ठोक रकमेने मिळतो. कुठे, कशावर खर्च केला याचे बिल जोडावे लागत नाही, उरले तर परत करावे लागत नाही. कार्यालयीन भत्त्यातले ५० हजार निदान सहायकाच्या नावाने जातात. मतदारसंघ भत्त्याला तेवढाही माग नाही. खासगी कंपनीत टॅक्सीचे अडीचशे रुपये मागायचे तर पावती लावावी लागते. सरकारी शाळेतल्या मास्तरांना खडू-डस्टरचाही हिशेब ठेवावा लागतो. आणि वर्षाला साडेदहा लाखांच्या करमुक्त रकमेला एकही कागद लागत नाही. भत्त्यांच्या गैरवापरावर बोलायचे तर इथून सुरुवात व्हायला हवी. मेसेजमध्ये याचा उल्लेखसुद्धा नाही.

जिथे कागद लागतो तिथे चोरी पकडली जाते, हे आपल्याच देशात दिसले आहे. राज्यसभेचे खासदार असताना अनिल कुमार सहनी यांनी केलाच नाही अशा प्रवासाची बिले बनावट तिकिटे जोडून सादर केली. सीबीआयने गुन्हा दाखल केला, २०२२ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली आणि तोवर बिहारमध्ये आमदार झालेल्या सहनींची आमदारकी गेली. तिकीट, बोर्डिंग पास अशा गोष्टी तपासता येतात म्हणून हे शक्य झाले. ठोक भत्त्यात पकडायला काही नसतेच.

पेन्शनचा मुद्दा मात्र जवळजवळ शब्दशः खरा आहे, आणि तिथे मी मेसेज पाठवणाऱ्यांच्या बाजूने उभा आहे. खासदारकी किती काळ होती याची अट कायद्यात उरलेली नाही. कितीही कमी काळ सदस्य असला तरी पेन्शन मिळते. आता ती महिना ३१ हजार आहे आणि पाच वर्षांच्या वरच्या प्रत्येक वर्षाला अडीच हजार अधिक. महाराष्ट्राच्या माजी आमदाराला २०१६ च्या दुरुस्तीनंतर ५० हजार, आणि पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षाला दोन हजार. वीस वर्षे आमदार राहिलेल्याला त्या हिशेबाने ८० हजार. आधी आमदार, मग खासदार असेल तर दोन्ही पेन्शन. २०१८ मध्ये या पेन्शनला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. ठरवायचे ते संसदेने, असे न्यायालयाचे म्हणणे. म्हणजे हा प्रश्न न्यायालयाच्या हाताबाहेरचा, पूर्णपणे राजकीय आहे, आणि राजकीय प्रश्न मतदारांनी लावून धरल्याशिवाय हलत नाहीत. पंजाबने २०२२ मध्ये ‘एक आमदार, एक पेन्शन’ असा कायदा केला. किती वेळा निवडून आलात याने रक्कम वाढत नाही. महाराष्ट्रात हे का होऊ नये, असा प्रश्न प्रचारात एकाही उमेदवाराला विचारला गेलेला मी ऐकला नाही.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत तीस-तीस वर्षे घाम गाळलेले लोक आपल्या आजूबाजूला राहतात. त्यांची ईपीएस-९५ (कर्मचारी पेन्शन योजना, १९९५) ची किमान पेन्शन २०१४ पासून महिना एक हजार रुपये आहे. एक हजार! १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारी सेवेत लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद केली, ती परत मिळावी म्हणून मार्च २०२३ मध्ये आठवडाभर संप झाला. तेव्हा तिजोरीवरच्या भाराची आकडेवारी आपल्याला दररोज ऐकवली गेली. स्वतःच्या पेन्शनबद्दल ती आकडेवारी कोणी मांडत नाही. हा अन्याय सांगायला एकही अतिशयोक्ती लागत नाही.

पगारवाढ स्वतःच मंजूर करतात, हेही बरोबर आहे. राज्यघटनेचे १०६ वे कलम संसदेला आणि १९५ वे कलम विधिमंडळाला तो अधिकार देते. फरक इतकाच की २०१८ पासून खासदारांची वाढ महागाई निर्देशांकाशी जोडली गेली आहे आणि दर पाच वर्षांनी आपोआप होते. आमदारांच्या बाबतीत तेही नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये विधिमंडळात वेतनवाढीचे विधेयक चर्चेशिवाय मंजूर झाले. शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे सगळे पक्ष त्या दिवशी एका सुरात होते.

आता पाच कोटी. हा मुद्दा पुण्यात राहणाऱ्याने नीट समजून घेतलाच पाहिजे. खासदार निधीचे पाच कोटी खासदाराच्या खात्यात जमा होत नाहीत. काम खासदार सुचवतो. मंजुरी, निविदा, बिल हे सगळे जिल्हा प्रशासनाकडून होते. त्यामुळे ‘खिशात जातात’ हे विधान चूक आहे आणि कोणताही खासदार ते एका वाक्यात खोडून काढतो. पैसा गळतो तो कामात: कोणते काम निवडले, अंदाजपत्रक कोणी फुगवले, ठेका कोणाला मिळाला, काम झाले की नुसती पाटी लागली.

पुणेकराला हे समजायला दिल्लीपर्यंत जायला नको. मेसेजमध्ये नगरसेवकालाही लाखाचा पगार असल्याचे सूचित केले आहे. पुण्याच्या नगरसेवकाला २०१७ च्या सरकारी निर्णयाप्रमाणे महिना २० हजार मानधन ठरले, आणि पेन्शन नाही. खरी रक्कम असते ती प्रभागातल्या किरकोळ कामांसाठी नगरसेवकाच्या नावावर धरलेल्या तरतुदीत, जिला महापालिकेत सगळे ‘स’ यादी म्हणतात. कापडी पिशव्या, कचऱ्याच्या बकेट, दिशादर्शक फलक, कमानी, आणि बाकडी यातूनच येतात. वर्षाच्या मध्यात एका कामाचे पैसे दुसऱ्याकडे वळवायचे तर ‘वर्गीकरणा’चा प्रस्ताव येतो, आणि तो कधी आला, कधी मंजूर झाला हे नागरिकाला कळतही नाही.

आमच्या गल्लीतला पदपथ जेमतेम दोन माणसे शेजारून जातील इतका. त्यावर सिमेंटचे बाकडे, पाठीवर ‘यांच्या विशेष प्रयत्नातून’ आणि खाली ठळक नाव. म्हाताऱ्या माणसांना त्याला वळसा घालून रस्त्यावर उतरावे लागते, आणि रस्त्यावरून रिक्षा अंगाला घासून जातात. चार पावलांवर दुसरे बाकडे, आधीच्या कारकिर्दीतले, नावावर रंग फासलेला. मधले ब्लॉक मार्च महिन्यात उखडून तसेच नवे बसवले. कराच्या पैशातून नगरसेवकाची जाहिरात झाली, ठेकेदाराचे बिल निघाले, आणि चालणाऱ्याची वाट अडली. महिना २० हजार मानधन बंद केल्याने यातले काय थांबेल?

ते बंद करून काय होते याचा प्रयोग पुण्यात होऊन गेला आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान होईपर्यंत शहरात एकही नगरसेवक नव्हता. मानधन शून्य. दीडशेवर नगरसेवकांचे मानधन वर्षाला चार कोटींच्या आसपास जाते, ते वाचले. त्याच काळात, २०२५-२६ साठी, १२ हजार ६१८ कोटींचे अंदाजपत्रक प्रशासकाने मांडले आणि प्रशासकानेच मंजूर केले, कारण स्थायी समिती आणि मुख्यसभा या दोघांचेही अधिकार त्याच्याकडे होते. खड्ड्यांवरून, पाण्यावरून, टेकडीवरच्या रस्त्यांवरून सभागृहात उभे राहून जाब विचारणारा कोणी उरला नाही. नगरसेवकांवर माझा राग असला तरी ती चार वर्षे मला परत नको आहेत. मानधन काढून घेतले तर निवडणूक लढवायला फक्त बिल्डर आणि ठेकेदार उरतील. शिक्षिका, कामगार कार्यकर्ता, पथारीवाला यांना घर चालवून नगरसेवक होता आले पाहिजे, आणि त्यासाठी मानधन लागते.

ब्रिटनचा दाखला सगळे आदराने देतात, पण तिथे दुसऱ्या दिवशी कोणी तुरुंगात गेले नाही. पत्रकार हेदर ब्रूक यांनी माहिती अधिकारात खासदारांच्या खर्चाचा तपशील मागितला, संसदेने तो दडपायला न्यायालयापर्यंत लढा दिला, २००८ मध्ये संसद हरली. तरीही कागद बाहेर आले ते मे २००९ मध्ये, डेली टेलिग्राफच्या हाती सगळा साठा लागल्यावर. बागेतल्या तळ्यात बदकांसाठी घर बांधण्याचा १,६४५ पौंडांचा दावा (तो मंजूर झाला नव्हता, तरी त्या खासदाराचे राजकारण संपले), वाड्याभोवतीचा खंदक साफ करण्याचा खर्च, नसलेल्या गृहकर्जाचे हप्ते. सभापती मायकेल मार्टिन यांना पद सोडावे लागले, तीनशे वर्षांत असे झाले नव्हते. या प्रकरणात तुरुंगात जाणारे पहिले माजी खासदार डेव्हिड चेटर होते, जानेवारी २०११ मध्ये, १८ महिन्यांची शिक्षा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खासदारांच्या हातून त्यांच्या भत्त्यांचा अधिकार काढून तो इप्सा या स्वतंत्र संस्थेकडे दिला, आणि ती संस्था प्रत्येक दावा संकेतस्थळावर टाकते. संतापाला तिथे कागदांचा आधार होता, म्हणून तो टिकला.

आपल्याकडेही कागद मागता येतात. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये, प्रतीला पानामागे दोन रुपये, आणि फाइल पाहण्याचा पहिला तास फुकट. अर्जात ‘भ्रष्टाचाराची माहिती द्या’ असे लिहू नका, हाती काही लागणार नाही. क्षेत्रीय कार्यालयाला नेमके विचारा: अमुक आर्थिक वर्षात अमुक प्रभागात ‘स’ यादीतून झालेल्या कामांची यादी, प्रत्येकाचे पूर्वगणनपत्रक (खर्चाचा आधीचा अंदाज), कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश), मोजमाप पुस्तकाची पाने आणि अंतिम बिल. मोजमाप पुस्तकात पदपथाची लांबी-रुंदी लिहिलेली असते. टेप घेऊन जा आणि मोजा. नवे सभागृह आता बसले आहे, त्यांच्या पहिल्या वर्षाच्या कामांचे कागद मागायला उशीर करू नका.