खांद्याच्या दुर्बिणीतल्या ऑपरेशनचं बिल जास्त का आलं : आपल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

आपण एकच स्टार देऊन लिहिलंत की, ‘तीन बारीक छिद्रं पाडली आणि बिल मात्र मोठ्या छेदाच्या ऑपरेशनपेक्षा जास्त लावलं. माझ्या मित्राचा खांदा दुसरीकडे ओपन करून बराच स्वस्तात झाला. दुर्बिणीच्या नावाखाली लुबाडतात.’ वाचून वाईट वाटलं. हॉस्पिटल माझं आणि ऑपरेशन करणाराही मीच, म्हणून उत्तरही मीच देतोय. आपल्या रिपोर्टमधलं काही इथे चारचौघांत लिहिणार नाही; पैसे कशाचे लागतात तेवढंच सांगतो.

आधी आमची चूक. एस्टिमेटच्या कागदावर ‘इम्प्लांट वेगळे’ हे दोन शब्द तळाशी बारीक अक्षरात होते. इम्प्लांट म्हणजे काय (शरीरात बसवून ठेवायचं सामान), किती लागतील, त्याने आकडा कुठवर जाईल, हे आपल्याला कोणी समोर बसवून सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं. मनापासून माफी मागतो. आता कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती इम्प्लांट लागतील, हे दोन्ही आकडे लिहून समजावल्याशिवाय आम्ही सही घेत नाही.

लुबाडल्याचा आरोप मात्र मला मान्य नाही. खांदा पुढच्या बाजूला निखळतो तेव्हा खोबणीच्या कडेची लॅब्रम नावाची कूर्चा बहुतेक वेळा हाडापासून सुटते. ती परत हाडाला शिवायची, हे काम दोन्ही पद्धतींत तेच. त्यासाठी हाडात अँकर बसवतात, तेच हे इम्प्लांट. अँकर म्हणजे दोरा ओवलेली इवलीशी खुंटी. एका खांद्याला सहसा तीन तरी लागतात, फाट लांब असली तर जास्त. ओपनमध्ये कड डोळ्यांसमोर उघडी असते, त्यामुळे हाडाला भोकं पाडून नुसत्या दोऱ्यानेही शिवता येतं. ती जुनी पद्धत आहे आणि तिथे अँकरचा खर्चच नाही. दुर्बिणीतून मात्र अँकरवाचून सहसा भागत नाही. वर कॅन्युला (छिद्रात बसवायची नळी), शेव्हरचं म्हणजे आतलं खरवडून साफ करणारं पातं, रेडिओफ्रिक्वेन्सीचा म्हणजे विजेच्या लहरींवर चालणारा प्रोब, पंपाच्या नळ्या. यातलं बरंचसं एकदा वापरून टाकून द्यायचं असतं. आतलं स्पष्ट दिसावं म्हणून सांध्यात सलाईन सतत खेळतं ठेवावं लागतं, पिशव्यांमागून पिशव्या संपतात. छिद्र लहान असलं तरी सामान जास्त लागतं.

ओपनमध्येही प्रकार आहेत. खोबणीचं हाड बरंच झिजलं असेल, साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त, तर नुसती कूर्चा शिवून खांदा टिकण्याची खात्री नसते. तेव्हा कोरॅकॉइडचा, म्हणजे खांद्याच्या फऱ्याच्या पुढे आलेल्या टोकाचा, तुकडा काढून खोबणीच्या कडेला बहुधा दोन स्क्रूंनी बसवतात. याला लॅटार्जे म्हणतात. मित्राच्या डिस्चार्ज कार्डावर नेमकं कोणतं नाव लिहिलंय ते बघा. दोन स्क्रूंचं बिल आणि तीन-चार अँकरचं बिल सारखं येणार नाही.

दुर्बिणीत पैसे वाचतात ते खोलीच्या भाड्यात. पुढचा स्नायू उघडावा लागत नाही, सुरुवातीला दुखणं कमी असतं, बरेच पेशंट त्याच दिवशी घरी जातात. पण ‘दुर्बिणीने केलं की आठवड्यात कामाला’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कूर्चा हाडाला धरायला लागणारा वेळ छेदाच्या लांबीवर ठरत नाही. हात झोळीत काही आठवडे, फिजिओथेरपी काही महिने, धक्काबुक्कीचा खेळ साधारण सहा महिन्यांनी. हा खर्च दोन्हीकडे जवळपास तेवढाच.

सगळ्यात महाग पडतो तो पुन्हा निखळलेला खांदा. दुसरं ऑपरेशन, दुसऱ्यांदा रजा, आणि तेही पहिल्यापेक्षा अवघड. वय कमी, खेळ अंगावर येणारा आणि हाड झिजलेलं, अशा पेशंटमध्ये नुसत्या दुर्बिणीच्या टाक्यांनंतर ही भीती जास्त असते. त्यांना मी स्वतःहून ओपन करा म्हणतो, दुर्बीण हवी असा त्यांचा हट्ट असला तरी.

आपल्याला वापरलेल्या प्रत्येक अँकरच्या पाकिटावरचा स्टिकर केसपेपरवर चिकटवलेला आहे, बॅच नंबरासकट. बिल घेऊन कधीही या, मी ओपीडी संपल्यावर थांबेन. स्टिकर आणि बिलातल्या ओळी आपण दोघं शेजारी ठेवून मोजू. एक जरी जास्त लावलेला निघाला, तर त्याचे पैसे त्याच दिवशी परत देईन.