चिल्लर चाळा, लखपती व्हा!

सोयाबीन यंदाही हमीभावाच्या खाली विकावं लागलं म्हणून रडू नका. शेतीत काय ठेवलंय भाऊ? खरा पैसा चिल्लरमध्ये आहे. मोबाइलवर रोज सांगतात ना, वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं द्या, दहा लाख घ्या. तेव्हापासून माझ्या किराणा दुकानाच्या गल्ल्याला देवस्थानाची कळा आली आहे. लोक साबण घ्यायला येतात आणि दर्शन मागतात. "काकाजी, गल्ला पाहू द्या ना जी!" नवशिक्यांसाठी चार युक्त्या सांगतो.

गल्ला नेहमी दुसऱ्याचा चाळावा. तोही गर्दीच्या वेळी.

नाणं सापडलं की चिंच लावून लख्ख घासा. जाणकार संग्राहक घासलेल्या नाण्याला हात लावत नाहीत, पण त्यांना काय कळतं? सालाखालची खूणही पाहू नका. हैदराबादच्या टांकसाळीची चांदणी, नोएडाचा ठिपका, कोलकात्याची खूणच नाही, या भानगडी रिकामटेकड्यांच्या.

दहाचं नाणं मात्र चुकूनही घेऊ नका. परवा बाजाराच्या दिवशी एका गृहस्थांनी माझ्या गल्ल्यातून मातेचं पाचाचं नाणं शोधून काढलं, कपाळाला लावलं, रुमालात बांधलं. उरलेले सुटे म्हणून मी दहाची दोन नाणी दिली. "हे नाही चालत जी," म्हणत त्यांनी ती काउंटरवर अशी ढकलली की एक घरंगळत गुळाच्या भेलीशी जाऊन थांबलं. उचलून पाहिलं तर तीच माता, तेच २०१२ साल! वैष्णोदेवी देवस्थानाचा कारभार पाहणाऱ्या श्राइन बोर्डाला २५ वर्षं झाली म्हणून सरकारने पाचाचं आणि दहाचं अशी दोन्ही नाणी चलनात आणली होती. बरं, दहाच्या नाण्याचे सगळे १४ नमुने चालतात, रुपयाचं चिन्ह असो वा नसो, हे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच सांगून झालंय. पण आमच्याकडे दूधवाला घेत नाही, ऑटोवाला घेत नाही, भाजीवाली तोंड फिरवते. सगळी येऊन माझ्याकडे साचतात. दहाचं नाणं दहाला चालत नाही आणि पाचाचं दहा लाखांना जातं! कोणत्या शाळेत शिकलात हा हिशेब?

असो. नाण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन आला की तो म्हणेल, रिझर्व्ह बँकेतून बोलतोय. आधी नोंदणी फी भरा, मग जीएसटी, मग कुरिअर. पैसे मागतोय म्हणजे माणूस खराच असणार. असल्या व्यवहारांशी आमचा संबंध नाही, आम्ही कसलंही कमिशन मागत नाही, असं पत्रक बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये काढलं होतं. ते वाचू नका, उगाच मूड जातो.

गावातल्या एका पोराने नाहीच वाचलं. बियाण्यासाठी ठेवलेले पैसे त्याने फी म्हणून भरले, आणि आता चावडीवर त्याला 'लखपती' म्हणून हाका मारतात. मारणारे कोण? ज्यांनी तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला तेच! पगारदार, शिकलेसवरलेले. लाज वाटत नाही? पुढे ढकलायला बोट उचलता, मग खरं-खोटं पाहायला काय होतं? त्याला सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर तक्रार कर म्हणून सांगायला एकजण गेला नाही. हसायला सगळे होते.

आणि माझ्या दुकानात सुटे आता दहाच्या नाण्यांतच मिळतील. घ्यायचे तर घ्या, नाहीतर सामान ठेवा खाली.