तो दिवा हळदणकरांचा आहे

दिवाळी आठवड्यावर आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. हाताच्या आडोशाने ज्योत सांभाळत उभी असलेली बाई, चेहऱ्यावर पडलेला उबदार उजेड आणि खाली मजकूर: ‘म्हैसूरच्या राजवाड्यातले राजा रविवर्मांचे जगप्रसिद्ध तैलचित्र. चित्रातली स्त्री म्हैसूरची राजकन्या. रंगात गुप्त धातूची पूड मिसळल्यामुळे खोलीतले दिवे बंद केले की ज्योत आपोआप उजळते. कुठल्याही शाळेत न शिकता काढलेली ही दैवी कला. असे हात जन्माला यावे लागतात, शिकून येत नाहीत. अभिमान वाटला तर पुढे पाठवा.’

मी नौपाड्यात चित्रकलेचा क्लास चालवते. दरवर्षी ग्रुपवर दोन ओळींत दुरुस्ती टाकायचे, खाली चार-पाच नमस्काराचे हात उमटायचे आणि पुढच्या दिवाळीला तोच मेसेज पुन्हा. गेल्या वर्षी मात्र हे चित्र रांगोळीत पाहिलं. जवळच्याच एका प्रदर्शनात एका तरुण मुलाने ते उतरवलं होतं. रंग चिमटीतून इतके तलम सोडले होते की साडीच्या पदराची चुणी न् चुणी मोजता यावी. बाजूच्या पाटीवर लिहिलेलं: ‘राजा रविवर्मा यांच्या चित्रावरून’. संयोजकांना सांगितलं, तर म्हणाले, ‘मॅडम, नेटवर सगळीकडे तेच आहे.’ तो मुलगा रात्रभर गुडघ्यांवर बसला होता आणि आपण कोणाचं चित्र काढतोय हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मला फार लागलं ते. म्हणून यंदा दोन ओळींवर न थांबता सगळंच लिहिते.

आधी नाव. हे चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ते ओळखलं जातं आणि म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमधल्या कलादालनात आहे. राजा रविवर्मा २ ऑक्टोबर १९०६ रोजी गेले. चित्रासाठी दिवा हातात धरून उभी राहिली ती हळदणकरांची स्वतःची मुलगी, गीता. लग्नानंतरच्या गीताताई उपळेकर. २०१८ च्या ऑक्टोबरात त्या कोल्हापुरात वारल्या तेव्हा १०२ वर्षांच्या होत्या. वजाबाकी करून पाहा. रविवर्मा गेले तेव्हा या मुलीच्या जन्मालाच अजून दहाएक वर्षं होती. राजकन्येचा प्रश्नही त्यातच मिटला.

असा गोंधळ का होतो, तेही समजण्यासारखं आहे. त्याच कलादालनात रविवर्म्यांचीही चित्रं आहेत. शिवाय १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून छापून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या आज्या-पणज्यांच्या देवघरांत पोचल्या. तेव्हापासून साडी नेसलेली हुबेहूब बाई दिसली की रविवर्मा, असं आपल्या डोक्यात बसलंय. रविवर्मा थोरच. पण त्यांच्या खात्यावर दुसऱ्याची मिळकत जमा केल्याने त्यांचा मोठेपणा वाढत नाही, आणि ज्याची गेली तो मात्र नाहीसा होतो.

आता ‘तैलचित्र’. या मुद्द्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण चित्राचा सगळा जीव इथे आहे. हे जलरंगातलं चित्र आहे. तैलरंगात ज्योत अगदी शेवटी रंगवता येते. आधी सगळं गडद करून घ्या, मग पांढऱ्या-पिवळ्या रंगाचा एक जाड ठिपका वर ठेवा, दिवा लागला. चुकलं तर खरवडा, पुन्हा लावा. जलरंगात हे चालत नाही. तिथे पांढरा म्हणजे कागद. ज्योतीची जागा पहिल्या वॉशपासून, म्हणजे पातळ रंगाच्या पहिल्या हातापासून, राखून ठेवावी लागते आणि मग तिच्याभोवती पाण्याने पातळ केलेले थर एकावर एक चढवत अंधार आणावा लागतो. एक थर वाळायच्या आत दुसरा दिला की चिखल. ब्रश एकदा कडेच्या आत गेला की गेलेला उजेड परत येत नाही.

मागच्या रविवारी क्लासमध्ये मुलांना हे करून दाखवलं. खिडक्यांचे पडदे ओढले, ट्यूब बंद केली, एकीच्या हातात पणती दिली आणि दुसरा हात ज्योतीपुढे धरायला सांगितला. पहिले दोन मिनिटं नुसता गोंगाट. मग डोळे सरावले आणि एक मुलगा ओरडला, ‘टीचर, हिची बोटं आतून लाल दिसतायत!’ बोटांच्या फटींमधून उजेड येतोच, पण कडांच्या पातळ मांसातूनही झिरपतो आणि तिथे कातडीचा रंग तांबूस होतो. हनुवटीखाली उजेड, कपाळावर कमी, केसांच्या मागे काहीच नाही. हळदणकरांच्या चित्रातल्या हाताकडे हे पाहिल्यानंतर पुन्हा बघा.

मग सगळे कागद घेऊन बसले. सातवीतल्या एका मुलीने ज्योतीसाठी तांदळाच्या दाण्याएवढी जागा कोरी ठेवली होती, दोन वॉश जपलीसुद्धा. तिसऱ्या वॉशला मागचा निळा ओघळून आत शिरला. तिने कापसाने टिपला, ओल्या ब्रशने घासला, कागदाचे तंतू निघाले, पण पांढरा काही परत आला नाही. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी म्हटलं, आता तुला त्या चित्राची किंमत कळली, हा कागद जपून ठेव.

धातूच्या पुडीचं उत्तरही यातच आहे. चित्रातली ज्योत कागदापेक्षा उजळ असूच शकत नाही. चित्रकार काय करतो, तर बाकी सगळं त्या मानाने खाली उतरवतो. साडी, भिंत, केस, सावलीतला गाल, सगळ्यांना एकेक पायरी खाली बसवलं की उरलेला कागद जळतोय असं डोळ्याला वाटतं. यात पूड नाही, मोजमाप आहे.

ग्रुपवरच्या एका काकांनी यावर लिहिलं होतं, ‘इतकं हुबेहूब तर आता मोबाइलही काढतो.’ काका, लक्ष्मीपूजनाच्या रात्री घरातले दिवे घालवून पणतीसमोरच्या माणसाचा फोटो काढून पाहा. ज्योत सांभाळायला गेलात तर बहुधा चेहरा काळा पडेल, चेहरा धरायला गेलात तर ज्योतीचा पांढरा फुगा होईल.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि मला सर्वांत जास्त खुपतो तो हाच: शाळेत न शिकता, असे हात शिकून येत नाहीत. रविवर्म्यांबद्दल म्हणायचं तरी हे खरं नाही. त्यांचे मामा राजराज वर्मा स्वतः चित्रं काढत, भाच्याला पहिले धडे त्यांनीच दिले. त्रावणकोरच्या दरबारी थिओडोर जेन्सन नावाचा गोरा चित्रकार आला, तेव्हा तरुण रविवर्मा त्याचं काम बघत बसत. तैलरंग हाताळणं त्यांनी असं पाहून पाहून उचललं. जेन्सन शिकवायला हात आखडता घेत असतानाही शिकणं, याला न शिकणं कसं म्हणायचं?

आणि हळदणकर तर शाळेतच घडले. जन्म १८८२ चा, सावंतवाडीचा. लाकडी खेळणी आणि गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवणाऱ्या चितारांचं गाव ते. मुलाचा हात शाळेच्या मुख्याध्यापकांनी ओळखला, संस्थानाकडून मदत मिळाली आणि तो मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आला. शिकून बाहेर पडल्या पडल्या, १९०८ साली, त्यांनी मुंबईत स्वतःचा वर्ग काढला: हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट. वय पंचविशीच्या आसपास. या वयात बहुतेक चित्रकार आपलं नाव कसं होईल या विवंचनेत असतात, हे दुसऱ्यांच्या रेघा सुधारत होते. म्हणजे नाव व्हायचं थांबलं असंही नाही. १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. १९२५ मध्ये ‘मोहमेडन पिलग्रिम’ या तैलचित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. तैल आणि जल, दोन्ही माध्यमांवर त्यांची सारखी हुकमत होती. १९६८ साली ते गेले.

शिकवणं हे चित्रकाराचं पोटापाण्याचं दुय्यम काम, असं समजणारे पुष्कळ आहेत. मी स्वतः शिकवते म्हणून सांगते, मुलाच्या कागदावरची चूक दाखवायची तर ती का झाली हे आधी स्वतःला नेमकं कळावं लागतं. ‘इथे काहीतरी बिघडलंय’ म्हणून भागत नाही. सावली गार हवी की उबदार, कान डोळ्याच्या रेषेत आहे का, कड कुठे विरघळवायची आणि कुठे धारदार ठेवायची, हे शब्दांत सांगावं लागतं, आठवड्यामागून आठवडे, वेगवेगळ्या डोक्यांना. वास्तववादी चित्रकला महाराष्ट्रात रुजली ती अशाच वर्गांतून, एका हातातून दुसऱ्या हातात जात. तिला ‘दैवी देणगी’ म्हटलं की ते सगळे वर्ग आणि ते सगळे मास्तर एका वाक्यात पुसले जातात.

आणखी एक नुकसान होतं, ते मी दर जूनमध्ये बघते. आईवडील मुलाला घेऊन येतात ते एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांसाठी, दहावीला गुण वाढतात म्हणून. त्याबद्दल माझी तक्रार नाही, येऊ देत. पण दुसऱ्या महिन्यात मूल अडलं की तेच विचारतात, ‘हिच्या हातात मुळात कला आहे का हो? नसेल तर काढून घेतो.’ हे कुठून आलं? ‘असे हात जन्माला यावे लागतात’ हे वर्षानुवर्षं वाचून आलं. तांदळाच्या दाण्याएवढी जागा तिसऱ्या वॉशपर्यंत राखणारी ती सातवीतली मुलगी दोन वर्षांपूर्वी सरळ रेघ मारायला घाबरायची.

चित्र पुढे पाठवू नका, असं मी मुळीच म्हणत नाही. जरूर पाठवा, घराघरांत जाऊ दे. फक्त खालचा मजकूर काढून टाका आणि त्या जागी हा चिकटवा:

‘ग्लो ऑफ होप. जलरंग. चित्रकार: सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८), सावंतवाडी आणि मुंबई. जे. जे. स्कूलचे विद्यार्थी, १९०८ पासून चित्रकलेचे शिक्षक. चित्रातली मुलगी: त्यांची कन्या गीता. जगन्मोहन पॅलेस, म्हैसूर.’

रांगोळीच्या पाटीवरही हे मावतं, मी मोजून पाहिलंय.