अंतोनिओ सांचेझचे ड्रम आणि आमचा फॅमिली ग्रुप

जुलै २०२५ मध्ये मीरा रोडच्या दुकानदाराला मराठी न बोलण्यावरून मारल्याचा व्हिडिओ आमच्या फॅमिली ग्रुपवर पडला तेव्हा मी इथे न्यू जर्सीत भांडी आवरत मेक्सिकन ड्रमर अंतोनिओ सांचेझचा 'लाइन्स इन द सँड' हा अल्बम ऐकत होते. खाली दादाने लिहिलं, बरं झालं, असंच पाहिजे. आणि माझ्या कानात अल्बमच्या सुरुवातीचे ते आवाज, अमेरिकेत स्थलांतरितांना पकडून नेताना घरच्यांनी फोडलेला टाहो. हातातली ताटली तशीच राहिली.

सांचेझ १९७१ सालचा, मेक्सिको सिटीचा. पाचव्या वर्षी ड्रम हातात घेतले, तिथेच क्लासिकल पियानो शिकला, १९९३ ला बोस्टनला बर्कली म्युझिक कॉलेजात आला. मग पनामाच्या पियानोवादक दानिलो पेरेझबरोबर वाजवलं, पुढे अमेरिकन जॅझ गिटारिस्ट पॅट मेथनीने बँडमध्ये घेतलं, ज्याचं म्युझिक हा पोरवयात मेक्सिकोच्या रेडिओवर ऐकायचा, आणि त्या स्टेशनवर डीजे कोण तर अलेहांद्रो इन्यारितू! तोच इन्यारितू पुढे फिल्म डिरेक्टर झाला आणि 'बर्डमॅन' पिक्चरच्या म्युझिकसाठी याला बोलावलं. शूटिंगच्या आधीच दोघे स्टुडिओत बसले, इन्यारितू समोर बसून मनातल्या मनात सीन चालवायचा, पात्राने दार उघडलं की हात वर, वळलं की परत हात वर, आणि हा त्या हाताकडे बघत वाजवायचा. आपला तबलजी कथकवाल्याच्या पायाकडे बघून वाजवतो ना, मला तेच आठवतं. ऑस्करवाल्यांनी मात्र पिक्चरमध्ये माहलर, चायकोव्स्कीचं जुनं क्लासिकल म्युझिक पण आहे म्हणून त्याला स्पर्धेतूनच काढलं, याचा मला अजून राग आहे. ग्रॅमी मिळालं ते बरं झालं.

२०१६ च्या डिबेटमध्ये ट्रम्प स्थलांतरितांबद्दल बोलताना 'बॅड हॉम्ब्रेज', म्हणजे वाईट माणसं, म्हणाले, तर याने पुढच्या वर्षी अल्बमचं नावच 'बॅड हॉम्ब्रे' ठेवलं. बँडचं नाव 'मायग्रेशन'. आणि वाजवतो काय, तर जॅझ, जे याच अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलं. म्हणजे आलेल्या माणसाने इथलं जीव लावून शिकून घेतलं आणि स्वतःचं मेक्सिकोपण पण सोडलं नाही.

दादा, मराठीवरून मी तुझ्याएवढीच हळवी आहे रे. पहिलीपासून हिंदीचा जीआर मागे घेतला त्या दिवशी मी शिरा केला होता. महाराष्ट्रात बँकेत, दुकानात मराठी चाललीच पाहिजे, यात मी एक इंच मागे नाही. पण तुला आठवतंय, इथे ग्रोसरीच्या लाइनमध्ये मी आईशी फोनवर बोलत होते आणि मागची बाई ओरडली, इथे इंग्लिश बोला म्हणून? लेकीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली तिची. तेव्हा सगळ्यात जास्त तूच चिडला होतास, तिची हिंमत कशी झाली म्हणून.

मला एवढंच म्हणायचंय की पोटासाठी आलेल्याला मराठी शिकवूया ना, रिक्षा स्टँडवर, सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळचा तासभर वर्ग काढ, पुस्तकांचे पैसे मी पाठवते, सुट्टीत आले की शिकवायला पण बसते. पण कानाखाली मारलेल्याला 'बरं झालं' माझ्याच्याने म्हणवत नाही.