पश्चिमेचा भुर्दंड

दीड हजार रुपये. पाचशेच्या तीन नोटा काल कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्या हाताने शेजाऱ्याला दिल्या. ज्याच्यावर दावा लावलाय, त्यालाच. त्याने एक नोट उजेडाला धरून पाहिली आणि मग पोच दिली.

शेजाऱ्याची भिंत माझ्या पश्चिमेच्या बोळात हातभर घुसलीय. आमच्या वकिलांच्या टायपिस्टने दाव्यात 'पूर्वेस' मारलं. पूर्वेला रस्ता. उलटतपासणीत समोरचे वकील गोडीत म्हणाले, "म्हणजे प्रतिवादीने महापालिकेच्या रस्त्यावर भिंत बांधली?" मी घाम पुसला. सोलापुरात घाम पुसणं संशयास्पद नाही, एवढंच नशीब.

मग दुरुस्ती अर्ज. दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश ६, नियम १७. २००२ पासून त्याला एक शेपूट आहे: सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती हवी, तर योग्य ती दक्षता घेऊनही चूक आधी लक्षात आली नसती हे पटवावं लागतं. आपलं घर कुठल्या बाजूने खाल्लं जातंय हे दक्षता घेऊनही कळलं नाही, असं मी शपथेवर लिहून दिलं. खरं तर इथे पूर्व-पश्चिम कोण बोलतं? सात रस्त्यावरनं सरळ जावा, मग विचारा कुणालातरी, अशी आमची चतुःसीमा. अर्ज मंजूर, खर्च वादीने, म्हणजे मी, प्रतिवादीला द्यावा.

बाकावर मोहोळकडचे एक आजोबा होते. टोपी, मांडीवर कापडी पिशवी.

"किती बसली वो?"

"दीड हजार."

"कशाला?"

"दिशा चुकली."

त्यांनी डोळे मिटून हिशेब केला. "दिशेला दीड हजार रास्त हाय. आमचा गट नंबर चुकला तवा दोनशे. वारस लावायचं ऱ्हायलं, पाचशे. पुढं आज्ज्याचं नाव चुकलं, त्याचं सायबांनी कायच घेतलं न्हाई. आज्जा फुकट गेला बघा."

"तुमचा दावा कधीचा?"

"वादी वारला, प्रतिवादी बी वारला. भांडण तेवढं हयात हाय." त्यांनी कडक भाकरी गुडघ्यावर मोडली, शेंगाचटणीची पुडी उघडली. "घ्या. निकालाचं कुणी सांगावं? दुरुस्ती मंजूर झाली की माणसानं खाऊन घ्यावं."

खाल्ली. चटणी झणझणीत होती, डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी दीड हजाराच्या खाती धरलं. "रडू नका वो," म्हणाले, "अजून चुकायला चिक्कार जागा हायत."

वकिलांना म्हटलं, चूक तुमच्या ऑफिसची, निम्मे तरी द्या. त्यांनी दाव्याच्या तळाशी बोट ठेवलं. 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे', खाली माझी सही. टायपिस्ट तिथेच चहा पीत होता. त्याने मान वर केली नाही. मूळ दाव्यात 'पूर्वेस' खोडून वर 'पश्चिमेस' लिहिलं तेही त्यानेच, सुंदर अक्षरात, आणि त्याचे वेगळे पन्नास मागितले.

आज सकाळी शेजाऱ्याकडे रंगारी आलाय. पोपटी रंग. माझ्या बाजूच्याच भिंतीला.