जुन्या गोळ्या घरी ठेवू नका, दवाखान्यात आणा

आपल्या भागातल्या गावागावांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘हार्ट अटॅकचा किंवा लकव्याचा पेशंट भरती केला की जुन्या गोळ्या घरीच ठेवा. औषधांत नातेवाइकांनी नाक खुपसू नये. चुका होतात त्या तालुक्याच्या दवाखान्यात, नवख्या सिस्टरच्या हातून. नागपूरला होत नाहीत.’ गडचिरोलीच्या ८६ गावांत ‘सर्च’ या संस्थेने केलेल्या अभ्यासात सर्वाधिक मृत्यू लकव्याने झालेले आढळले. अशा मुलखात हा सल्ला जीवघेणा आहे.

आधी जुन्या गोळ्यांचं. मेडिकलवाला पाच गोळ्या कापून देतो, औषधाचं नाव उरलेल्या तुकड्यावर राहतं. मग भरतीच्या वेळी ‘बीपीची बारीक गोळी’ एवढंच कळतं. ती ॲसिट्रॉम निघाली तर? ती रक्त पातळ करते. त्यावर हेपारिन, म्हणजे रक्त पातळ करणारं इंजेक्शन, पडलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं की नाही, हेही त्या गोळीवर अवलंबून असतं, आणि त्यासाठी हाताशी असतात सुरुवातीचे साडेचार तास. इकोस्प्रिन-एव्ही या एकाच गोळीत ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलचं ॲटोरव्हास्टॅटिन दोन्ही असतात. घरची गोळी उशाखालून चालूच राहिली आणि वॉर्डातून हीच औषधं दुसऱ्या नावाने आली, तर डोस दुप्पट. म्हणून चिठ्ठ्या, रिकाम्या स्ट्रिपा, सगळी पिशवी सिस्टरच्या हातात द्या. स्वतः मात्र एकही गोळी देऊ नका. लकव्यात गिळण्याची तपासणी होईपर्यंत घोटभर पाणीसुद्धा नको, ते फुप्फुसात जाऊ शकतं.

विचारणं म्हणजे नाक खुपसणं नव्हे. नाकातल्या नळीतून द्यायला मेटोप्रोलॉल या बीपीच्या औषधाची हळूहळू विरघळणारी गोळी कुणी कुटत असेल तर जरूर विचारा, कारण दिवसभराचा डोस एकदम अंगात जाऊन नाडी मंदावते.

आणि सिस्टरला दोष देणं तर अन्यायच. टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन हार्ट अटॅकला वजनाप्रमाणे ३० ते ५० मिलिग्रॅम देतात, लकव्याला जास्तीत जास्त २५. औषध तेच, डोस निम्मा. धावपळीत इथे कुणाचीही गफलत होऊ शकते, नागपुरातही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांच्या चुकांविरुद्ध मोहीम सुरू केली, तेव्हा एका दवाखान्यातून दुसरीकडे जाण्याचा टप्पा खास धोक्याचा मानला. आपल्याकडे तो टप्पा म्हणजे रेफर. तालुक्याला दिलेलं हेपारिन चिठ्ठीवर नसेल तर पुढे ते पुन्हा दिलं जाऊ शकतं. १०८ मध्ये बसण्याआधी औषध, डोस आणि दिल्याची वेळ लिहून मागा.